मियाओ फूथियान यांच्या अस्थी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
प्राचीन नगर अवशेष संरक्षण कार्यालय,
शीयुआन, हनान प्रांत.

विषय : प्रदर्शन दालनातील ‘पूर्वद्वाराचा पहारेकरी’ हे माझे वडील असल्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले एकच उत्तर.

महोदय,

मी, मियाओ चांगशुन, राहणार मियाओजुआंग, सविनय कळवतो की,

१. माझे वडील कै. फूथियान १९८७ साली वारले. जुन्या तटबंदीलगतच्या आमच्या शेतात त्यांना पुरले. पुढे नांगरणीत थडग्याचा उंचवटा सपाट झाला. आपल्या पथकाने तेथे उत्खनन केले तेव्हा मी ग्वांगदोंगला बुटांच्या कारखान्यात होतो आणि आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती.

२. आमच्याकडे मृताच्या उशाशी जेवणाचे मडके ठेवतात. आईने घाईत घरातले मुळा खारवायचे मडके ठेवले. ते शेतात सापडलेले होते. आमच्या गावात नांगराला मडकी लागतातच, आणि ती स्वयंपाकघरात जातात. ते मडके तीन हजार वर्षांपूर्वीचे निघाले, म्हणून आपल्या तज्ज्ञांनी वडिलांनाही तेवढ्याच वयाचे ठरवले.

३. गेल्या वर्षी आईला दालन दाखवायला नेले. गळ्याजवळचे वाकडे जुळलेले हाड तिने पाहिले, मी खालची ‘भाल्याची जखम’ ही पाटी वाचून दाखवली, तशी ती ओरडली, “अरे, हे तर तुझे बाबा! भाल्याची कसली जखम? बोरीच्या झाडावरून पडले होते!” रखवालदार म्हणाला, “आजीबाई, काचेला हात लावू नका. ही राष्ट्राची ठेव आहे.” आई म्हणाली, “असेल राष्ट्राची. लग्न माझ्याशी झालंय.”

४. पहिल्या अर्जावर आपले उत्तर आले की, सदर व्यक्तीचा तत्कालीन राजवटीचा मृत्यू दाखला जोडावा. ती राजवट आता कोणत्या कार्यालयात बसते, हे कळवल्यास मी तेथेही जाईन.

५. दुसरा अर्ज घेऊन मी स्वतः आलो. आपले साहाय्यक श्री. लुआन म्हणाले, “मडकं तुमच्या घरचं असेल, तर पुराणवस्तू लपवल्याचा गुन्हा. नसेल, तर मग माणूसही तुमचा नाही. बोला, काय लिहू?” मी अर्ज टेबलावर ठेवून परत फिरलो. घाबरलो होतो.

६. आई या हिवाळ्यात गेली. तिच्या रक्षेची पेटी घरात टेबलावर आहे. नवरा-बायकोला एकाच थडग्यात ठेवण्याची आमची रीत आहे. रिकाम्या खड्ड्यात तिला एकटीला कसे ठेवू? शेजारी विचारतात, “चांगशुन, आईला कधी पोहोचवतोस?” मला मान वर करवत नाही. चिंगमिंग, म्हणजे थडगी झाडण्याचा दिवस, तोंडावर आला आहे.

७. तरी श्री. लुआन यांच्या प्रश्नाचे उत्तर आज लेखी देतो. मडके आमच्याच घरचे होते. गुन्हा मृत आईवर न लावता माझ्यावर लावावा. मडके आपल्याकडेच ठेवावे. शिक्षा होईल ती भोगेन. फक्त मला नेण्यापूर्वी एक दिवस द्यावा, म्हणजे दोघांना एकत्र पुरून येतो.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
मियाओ चांगशुन
(सही)

दि. २० मार्च २०१९

सोबत : आईचा मृत्यू दाखला, वडिलांना बोरीवरून पडताना पाहिलेल्या दोन वृद्धांचे जबाब, अंगठ्याच्या ठशांसह.