पहिल्या रविवारचा पाव

ता. ४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस, अ. आ.

तुम्हा ख्रिस्ती लोकांतला तो ‘सलाम’ मला लिहायला जमत नाही, आशीर्वादच घे. भावाकडे नीट पोचलीस ते कळलं. जेवतेस का? खोटं लिहू नकोस.

भट्टी चालू ठेवली आहे. माझा मुलगा गेला म्हणून गिऱ्हाइकांची पोटं थांबत नाहीत. चर्चमध्ये प्रभुभोजनाला वाटतात तो पहिल्या रविवारचा पावही मीच भाजला. इतकी वर्षं त्याचं पीठ तुम्ही दोघं मळायचात, दोघंच घेऊन जायचात. या खेपेला न्यायला कोणी नाही, म्हणून मी गेले. ठेवून निघणारच होते, पण गुडघा धरला आणि तुझ्या नवऱ्याच्या बाकावरच्या जागेवर बसले. पावाचं ताट हातोहात माझ्यापर्यंत आलं. शेजारची शिंपीण कानात म्हणाली, बाप्तिस्मा झाला नसेल तर पुढं द्यायचं. दिलं. माझ्याच हातचा पाव, आणि मी परक्याच्या लग्नात शिरल्यासारखी. राग नाही आला, याचंच नवल.

पत्र टाक. लोभ आहेच, तो काय लिहायचा.

आई

ता. १८ मे

ती. आईंना, सा. न.

तुमचं पत्र मिळालं. बाप्तिस्मा घेताय आणि शेजारी उभी राहायला मला बोलावताय. लग्नानंतर ‘तुझं चर्च उंबऱ्याबाहेर ठेव’ म्हणणाऱ्या तुम्हीच ना? तो असता तर हसून लोळला असता.

आई, मी त्या बाकावरच लहानाची मोठी झाले, पण आता पाऊल उचलत नाही. चर्चचे पाळक मला म्हणाले, तो चांगल्या जागी गेला. माझ्या शेजारची जागा काय वाईट होती? प्रार्थनेला डोळे मिटले की तो भट्टीसमोर पडलेला दिसतो. मी देवाशी बोलणं टाकलं आहे. तुम्ही तरी कुणासाठी आत जाता? तो तिथं नाही.

माझं येणं होणार नाही. मनात धरू नका.

तुमची सून

ता. ८ जून

चि. सूनबाईस,

काल बाप्तिस्मा झाला. पाणी गार होतं. शेजारी कोण उभं राहणार, असं पाळकांनी विचारलं. म्हटलं, येणारी आली नाही. मग शिंपीण उठली. बडबडी आहे, पण बरी आहे.

कुणासाठी जाता, विचारलंस. आधी त्याच्यासाठीच जायचे. मग भांडायला जाऊ लागले. मला म्हातारीला ठेवून त्याला का नेलंस, हे पीठ मळताना रोज विचारते. उत्तर येत नाही. पण कोणीतरी ऐकतंय, एवढं कळतं. परक्याशी कोण इतकं भांडतं? तू अबोला धरलास, अबोलाही माणूस आपल्याच माणसाशी धरतो. पाळकांनाही बजावलं, चांगल्या जागेचं कुठल्या विधवेला पुन्हा सांगू नका.

मग ताट आलं. तुकडा घेतला, तोंडात घातला आणि कळलं, मीठ कमी पडलंय. चार महिने मी असाच अळणी पाव देत होते आणि कोणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी गिळला. मीही गिळला. तो असता तर तिथल्या तिथं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं असतं. त्याची जागा बघितली. तिथं मीच बसले होते.

त्याचं मीठ किती, ते तुलाच ठाऊक. आत येऊ नकोस हवं तर. भट्टीपाशी ये, पीठ मी मळते, मीठ तू घाल.

आशीर्वाद. आणि सलाम.

आई