आईची दाढ आणि नवी पूड

३ जून

साचा भट्टीत फुटला. सलग तिसरा! बाहेरच्या खोलीत बाबा मुद्दाम शीळ घालत होते. शीळ संपली की खोकला.

डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलंय — ही धूळ बंद, नाहीतर काम बंद. दातांच्या कॅप ओतायला साचा लागतो, आणि साच्याच्या जुन्या पुडीत गारगोटीची मैद्यासारखी भुकटी. छातीत गेली की तिथेच मुक्काम! म्हणून मी गारगोटीशिवायची, धूळ न उडणारी पूड करतेय. बाबा म्हणतात, प्रयोग तुझे, पण तोंडं लोकांची. नव्या पुडीची एक कॅप नीट बसल्याशिवाय ते जुना डबा हलवू देणार नाहीत.

डबा मोठ्या काकांच्या स्टुलावर असतो. काकाही त्यावर बसून कॅपच ओतायचे; ते दम्यानं गेले, तेव्हापासून तिथे कुणी बसत नाही.

७ जून

साचा टिकला! पण कॅप घट्ट. तापल्यावर साचा हवा तेवढा फुगतच नाही. दाढ आईची — फुकट मिळते म्हणून. अर्धा तास कॅप दाबून पाहिली, दाढेवर खाली सरकेल तर शपथ.

८ जून

आई बोलत नाही. दाढ दुखतेय की माझ्यावर राग आहे, कळायला मार्ग नाही.

१३ जून

पुडीचं प्रमाण बदललं. आता कॅप सैल! मावशीला फोनवर झापता झापता आईनं ती गिळून टाकली. बाबा हसता हसता खोकले, खोकता खोकता हसले. म्हणाले, नमुना परत मिळाला तर धुऊन घे.

मग हसणं थांबलं, खोकला थांबेना. मी पाठ चोळत उभी. भीती वाटते मला.

१९ जून

बसली!! आईनं दोन्ही बाजूंनी चावून दाखवलं आणि लगेच मावशीला फोन लावला. बाबांनी आरशानं, दोऱ्यानं, नखानं तपासलं. खोट सापडेना, तसा चेहरा उतरत गेला. मग स्वतःच एक कॅप ओतली, साचा फोडला आणि सवयीनं फुंकर मारली — आयुष्यभराची खोड! काहीच उडालं नाही. पुन्हा मारली. फुंकायलाच काही नाही म्हणून किती वेळ कुरकुरत होते.

२० जून

सकाळी डबा गायब. बाबांनी स्टूल ओल्या फडक्यानं पुसलं आणि मला बसवलं.

"दादाला दमा नव्हता," म्हणाले. "पुडीनं नेलं त्याला. मला तेव्हाच कळलं होतं. पण दुसरी पूडच नव्हती."