अंजिराखालचा घडा

३ सप्टेंबर १८९२
संपलं! सगळं गाव इथून उठवणार. जमिनीखाली जुन्या ग्रीकांचं देऊळ आहे म्हणे, परदेशी पंडितांना ते खणून काढायचंय. आम्हाला खाली उतारावर नवी घरं. लांब्रो—ह्यांचा पुतण्या, आता खोदकामावर मुकादम—ऐटीत सांगत होता, "काकू, कौलंसुद्धा नवीकोरी!" चुलीत घाल तुझी कौलं. माझा अंजीर कुठून आणशील?

४ सप्टेंबर
शेवटची अंजिरं उतरवली. हे होते तेव्हा खाली उभे राहून टोपलीऐवजी तोंडात टाकायचे! सासूबाई दारात अंजिरांच्या माळा ओवत लटकंच रागवायच्या. किती हसायचो आम्ही.

माझी लेक लेनिओ गेली त्या वर्षी मात्र कोणी हसलं नाही. जन्मली आणि तासाभरात गेली. बाप्तिस्मा नाही, म्हणून पाद्रीबाबांनी चर्चच्या आवारात जागा दिली नाही. शेतात नांगराला लागलेला जुन्या काळचा घडा सासूबाई तेलाला वापरायच्या. त्यातच तिला निजवलं, ह्या अंजिराखाली. "आपल्याकडे असंच करतात गं," म्हणाल्या. तीस वर्षं पोर एकटी आहे तिथे.

९ सप्टेंबर
नव्या पाद्रीबाबांना विचारलं, आता तरी जागा द्याल? "बाई, नियम म्हणजे नियम." मेला नियम! मग नेऊ कुठे तिला?

१५ सप्टेंबर
अंजीर तोडला. मी बघायला गेले नाही.

१६ सप्टेंबर
लांब्रोला सगळं सांगून टाकलं. मग अंगणात तो स्वतःच खणायला उतरला. घडा निघाला—तांबडा, उंच मानेचा. आत इवलीशी हाडं. पण माझा नव्हे! आमचा काळा, फुटक्या कानाचा. पंडित धावत आला. दोन हजार वर्षांपूर्वीचं बाळ, म्हणाला. त्याचेही डोळे भरले. तो जेवायला गेला आणि वीतभर पलीकडे आमचा घडा लागला. लांब्रोने तो माझ्या शालीत गुंडाळला. "पळ काकू. मी काही पाहिलं नाही."

मांडीवर घेऊन बसलेय. एकटी, एकटी म्हणून इतकी वर्षं रडले—आणि शेजारी ते तांबड्या घड्यातलं बाळ होतं! कोण होती रे तुझी आई?

१७ सप्टेंबर
तांबड्या घड्याला पेटीत गवत घालून उद्या अथेन्सला नेणार. मोठ्या दगडी इमारतीत ठेवणार. एकट्यालाच.

१८ सप्टेंबर
आमचा घडा खड्ड्यात परत ठेवून आले. लांब्रोला म्हटलं, "हाक मार तुझ्या पंडिताला. सांग, दोघं जोडीने सापडली."