सहावरून अडीचवर

मंगळवार, संध्याकाळी साडेसात, अमरावती

चार वर्षांच्या आरोहीच्या हृदयातलं छिद्र आज बंद केलं. ऑपरेशनभर तिचं रक्त माझ्या हार्ट-लंग मशीनमधून फिरत होतं, आणि तेव्हाच लॅक्टेट सहावर गेलं. रक्तात आम्ल साठू लागलं की हा आकडा चढतो. मशीनवर लहान मुलांचा चढतोच, हे माहीत आहे. तरी ते सहा डोक्यातून जाईना.

बाहेर येऊन तिच्या बाबांना, मोर्शीच्या गजाननभाऊंना, मी काय सांगितलं? "लॅक्टेट सहा आहे." एवढंच! दोन तासांनी मोठ्या आनंदानं म्हटलं, "आता चार." तर भाऊ मटकन खालीच बसले.

"कमी काहून होऊन राहिलं, मॅडम?"

त्यांना वाटलं, पोरीचं रक्तच आटतंय. इतकी वर्षं हे मशीन चालवते मी, आणि आकडा चढलेला चांगला की उतरलेला, एवढं सांगायचं सुचू नये? लाज वाटली.

मग नीट समजावलं. संत्र्याची बाग आहे त्यांची. ते म्हणाले, "म्हंजे विहिरीसारखं. पाणी साठ फुटावर गेलं तं वाईट, चाळीसवर आलं तं बरं."

अगदी तसंच! मला कधी जमलं नसतं इतकं सोपं सांगायला.

निघताना पुन्हा रिपोर्ट पाहिला. अडीच. मी तोंड उघडायच्या आधीच भाऊ उठून उभे.

"मॅडम, पाणी कितीवर आलं?"

"अडीचवर, भाऊ. आता आखूड दोर बी पुरते."