खिडकी नसलेली बँक

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर वाकू देईल तेवढाच). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, फक्त तुझ्या लाडक्या भाच्यानं माझी बँक फोनात घातली आणि माझी झोप उडाली.

म्हणजे दुपारची. पूर्वी कसं, पुस्तकं बांधून झाली की हाताची खळ धुवायची आणि बँकेत जायचं. टोकन घेऊन पंख्याखालच्या बाकावर टेकायचं. पायावर ऊन यायचं, शिक्क्याची ठकठक दूर दूर जायची आणि मी कुठल्या कुठे पोचलेला असायचो. नंबर पुकारला तरी ऐकू येत नसे (येत असे, पण उठतो कोण!). मग काउंटरवरच्या बाई काचेआडून हाक मारायच्या, "अहो बाइंडर, उठा, तुमचा स्टॉप आला!" सगळी रांग हसायची. ही गेल्यापासून मला उठवणारं दुसरं कोणी नाही गं. त्या हाकेवाचून करमत नाही.

फोनातल्या बँकेत बाकच नाही. ओळख पटवायला ती म्हणते, डोळे मिचकावा. मी मिचकावले, तर नेमक्या तेव्हाच शेजारच्या शिंपीणबाई दुकानात शिरल्या (हल्ली त्या पलीकडच्या बाजूनं जातात). पुन्हा डोळे मिटले, ते उघडायचेच राहून गेले. जाग आली तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, 'ओळख पटली नाही.' मलाही क्षणभर पटेना. पुढे पासवर्ड चुकत गेला, खात्याला कुलूप लागलं आणि बँकेत जाणं भागच पडलं. बाईंनी सगळं इतकं चोख करून दिलं, म्हणाल्या, आता तुम्हाला इथं कधीच यायला नको. माझं तोंड एवढंसं झालं.

तुझा,
अर्धवट जागा भाऊ

ता. क. पासवर्ड मला पाठ होता. मुद्दाम चुकीचा घालत होतो. पोराला बोलू नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. निघताना बाईंनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. म्हणाल्या, "बँकेचा नाही, माझा आहे. काही अडचण आली तर करा." तेव्हापासून बघतोय, छे, सगळं कसं सुरळीत चाललंय! ताई, अडचणी काढण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. एखादी चांगली लांबलचक, फोनवर न सुटणारी अडचण शोधून उलटटपाली कळव.