काठीच्या मापाचा जिना

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईला सांगा, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने नकाशे ठेवलेल्या दालनात महिनाभर बसते आहे. तिथे शाई न्यायची नाही, फक्त पेन्सिल. नुसतं शिंकलं तरी तिथल्या बाई चष्म्यावरून बघतात.

काल त्यांनी याच इमारतीच्या लाकडी जिन्याचा नकाशा काढून दिला. आर्किटेक्टने पायरीची उंची सात इंच लिहिली होती. ती खोडून जाड सुतारी पेन्सिलीने दुसरं माप घातलं आहे आणि खाली आर्किटेक्टच्याच अक्षरात लिहिलंय, की जिना मिस्त्रींच्या काठीप्रमाणे करावा. कोण मिस्त्री, ते कुठेच नाही. हा जिना आजोबांनी आखला असं तुम्ही म्हणालात की काका पोट धरून हसायचे. मला ते प्रबंधात लिहायचंय, पण पुरावा लागेल. पायरीच्या उंचीच्या खाचा पाडलेली आजोबांची काठी घरी आहे, तिच्या खाचांमधली अंतरं मोजून कळवा. नकाशातला आकडा मुद्दाम सांगत नाही. लेकीच्या मायेने तुम्ही नेमका तोच मोजाल!

माया आहेच, धाक थोडा कमी करावा.
तुमची,
धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कसं सांगू? ती काठी कापून मी तिचा खिडकीला टेकू केला. सुताराच्या मुलाने बापाच्या मापाला करवत लावली, तीही वाकडी. कारकुनाच्या हाती करवत द्यायचीच नव्हती, असं तुझी आई कालपासून ऐकवते आहे. चार खाचा उरल्यात. दोन अंतरं सहा इंच तीन सूत, इंचाचे आठ सूत धरून. टोकाचं मात्र पाच इंच तीन सूत. वडिलांची ती चूकच, असं समजून मला काठीची किंमत वाटली नव्हती. तुझा पुरावा याने बिघडेल, पण खोटं माप मी कळवणार नाही.

राग धरू नकोस, लोभ धर.
तुझा,
बाबा

ता. १७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ती चूक नाही! नकाशात पायऱ्या सहा इंच तीन सूत आहेत आणि सगळ्यात खालच्या पायरीचं लाकूड बरोबर एक इंच आखूड. वरून इंचभर जाडीच्या फळ्या बसायच्या होत्या. बाकीच्या पायऱ्यांना फळी खालीही येते आणि वरही, खालच्या पायरीला फक्त वर. म्हणून त्या बसल्या की सगळ्या पायऱ्या सारख्या. आज पट्टी घेऊन अख्खा जिना मोजला. एक सूत इकडेतिकडे नाही.

तुमचं पत्र बाईंनी दोनदा वाचलं आणि मला स्वतःची खुर्ची दिली. नोंदीच्या कार्डावर आर्किटेक्टच्या नावाखाली आता आजोबांचं नाव येणार. ते तुमच्या अक्षरात हवं म्हणाल्या. अभिमानाने माझे डोळे भरून आले, तर नकाशावर पाणी पडेल म्हणून त्यांनीच मला बाहेर काढलं. नाव लिहून पाठवा, काठीही पाठवा.

अशीच माया असू द्यावी.
तुमची,
धाकटी

ता. २३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहायला बसलो आणि चार कागद वाया गेले. एकही मनासारखा उतरेना. तेव्हा काठी घेऊन मीच येतो, तिथेच लिहीन. तुझा काकाही येतोय. तुझं पत्र वाचल्यापासून हसलेला नाही. माझ्या गुडघ्यांसाठी आईने लिफ्टची चौकशी करायला सांगितली आहे. करू नकोस. वडिलांच्या जिन्याने मी कठडा न धरता चढणार आहे. बाईंना म्हणावं, चष्मा पुसून ठेवा.

भेटीत उरलेला लोभ देईन.
तुझा,
बाबा