आईच्या मनगटावरचं घड्याळ

प्रिय सुयश,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोनवर तू आपलंच घोडं पुढं दामटतोस, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या गोरखच्या हाती पाठवतेय. कागदाला तरी मधेच गप्प बस म्हणता येत नाही.

भाऊबीजेला मी ताट घेऊन ओवाळायला उभी, आणि तू आईला बांधलेल्या त्या घड्याळाचे आकडे दाखवायला मोबाईल काढलास. बायकोच्या देखत, शेजारच्या ठकुबाई दारात असताना म्हणालास, डॉक्टरनं आईला विश्रांती सांगितलीय आणि तू तिला राबवतेस, हे बघ किती चालली, किती कॅलरी जळल्या. अरे शहाण्या, त्या दिवशी आई पडवीत बसून सुपानं भात पाखडत होती! जागची हलली नव्हती. हात हलले, घड्याळाला वाटलं बाई चालतेय. तर म्हणालास, मशीन खोटं बोलत नाही. म्हणजे मी बोलते. नवरा गेल्यावर बहीण माहेरी आली की तिच्या शब्दाची एवढीच किंमत, व्हय ना?

आईनं ते सगळं ऐकलं. मग एक दिवस तिनं हौसेनं भाताचा भारा डोक्यावरून खळ्यावर आणला, आणि नेमका त्याच संध्याकाळी तू तिला फोन केलास, आज छान आराम केलास म्हणून. दोन्ही हात वर भारा धरून, हलतील कसे? तिनं तेवढ्यावरनं ओळखलं, हात हलले नाहीत की घड्याळ मोजत नाही. सूप टांगून ठेवलं. मी अंगणवाडीत गेले की ही खाचरात. रोज भारे. आणि तू मला फोनवर म्हणतोस, ताई, आलीस ना वठणीवर? तुझ्या जिभेला काही हाड?

परवा ती भाऱ्यासकट बांधावर पडली. गोरखनं टेम्पोत घालून भोरला आणली. दवाखान्यातून तुला फोन केला, तर घड्याळात आई ठणठणीत दिसतेय, नाटकं करू नकोस म्हणून तू कापलास. मला लई राग आला, रडूही आलं. डॉक्टर म्हणतात, थोडक्यात वाचली.

तुझी खोड मोडायला हे लिहीत नाहीये, ते नंतर बघू. आई जेवत नाही रे. घड्याळ बांधलेला उजवा हात पांघरुणाखाली दाबून ठेवलाय. घास उचलला तर सुयशला मोबाईलवर चालल्यागत दिसंल आणि पोरीला पुन्हा बोलणी बसतील, म्हणते. मी भरवते, पाण्याचा पेला तोंडाला लावते. घड्याळ काढायला गेले तर हात ओढून घेते. त्यानं बांधलंय, त्यानंच सोडावं, म्हणते. माझं ऐकत न्हाई ती. गाडी काढ, भोरला ये, आणि तुझ्या हातानं ते सोड.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
सरोजताई